तुळोजीच्या कोटाची घडी

एका जंगलात थंडी राहत असे. प्राणीही राहत, पण ते भाडेकरू. घर थंडीचं.

बाळांनो, नीट बसा. ज्यांचे चष्मे डोक्यावर आहेत त्यांनी ते डोळ्यांवर घ्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी मांडी घालायच्या फंदात पडू नका, पाय पसरा. गोष्ट लहान मुलांची आहे. पण लहान मुलं हल्ली ऐकत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगतोय.

तर थंडी. कशी थंडी? बायजा म्हशीला सकाळी दूध येत नसे, कुल्फी येई. तीही वेलदोड्याची नाही, साधी. कोंबडा आरवायला चोच उघडी ती दुपारपर्यंत मिटत नसे. माकडं झाडावर जिथं बसत तिथंच चिकटत आणि होळीला सुटत. मग सगळ्यांना कळे की उन्हाळा आला.

त्या जंगलात एक फार चांगली रीत होती. नवी वस्तू लगेच वापरायची नाही. आधी जुनी पूर्ण संपवायची. संपली की ठिगळ लावून पुन्हा वापरायची. मग तिचं पायपुसणं करायचं. पायपुसण्याला भोक पडलं की नव्या वस्तूचा विचार करायचा, आणि विचार करून ती परत कपाटात ठेवून द्यायची.

हत्तीणवहिनींकडे नवा सोफा होता. त्यावर प्लॅस्टिक होतं, प्लॅस्टिकवर चादर होती आणि चादरीवर जुनी चादर होती. वहिनी खाली बसत. राजा सिंहानं शहरातून नवे दात करून आणले होते. पण दात म्हटले की झिजायचे. म्हणून तो ते डबीत ठेवी आणि एरवी मऊ भात खाई. दसऱ्याला दात लावून सगळ्यांसमोर एकदा हसे. प्रजा धन्य होई, विशेषतः हरणं.

बगळावैद्य तर एकाच पायावर उभे राहत. दुसरा पाय अजून नवाच होता. म्हातारपणी लागेल म्हणून त्यांनी तो पोटाशी दुमडून ठेवला होता.

साऱ्या जंगलात नालायक असा एकच. बाबल्या उंदीर. त्याला दाणा मिळाला की तो त्याच दिवशी खाई. आया पोरांना त्याच्याकडे बोट करून सांगत, "बघ, असं होऊ नये."

आता तुळोजी रेड्याकडे येऊ. हा बायजा म्हशीचा नवरा. अंगानं काळा, स्वभावानं गरीब. रेड्याच्या अंगावर केस किती असतात ते तुम्ही पाहिलंच असेल. तुमच्यातल्या काहींच्या डोक्यावर आहेत तितकेच.

तुळोजीचं काम मोठं होतं. जंगलाच्या उत्तरेला एक खिंड होती आणि खिंडीपलीकडे मिठाचा डोंगर. तुळोजी महिन्यातून एकदा खिंड ओलांडून मिठाच्या दोन गोण्या पाठीवर घेऊन येई. ते मीठ सगळं जंगल खाई. राजाच्या मऊ भातातही तेच पडे.

खिंडीत धुकं इतकं दाट की स्वतःचं नाकही दिसत नसे. आणि रेड्याचं नाक काय लहान असतं? मग तो परत कसा येई? तर बायजा अलीकडच्या तोंडाशी एका खडकावर उभी राहून रेकत असे. तुळोजी त्या आवाजाच्या दिशेनं चालत राही. नवराबायकोत एरवी बोलणं बेताचंच होतं. "जेवलात का?" "हो." झालं. पण हे रेकणं मात्र होतं. इतक्या वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता.

गेल्या माघात तो खिंडीतून आला, दारात उभा राहिला आणि त्यानं अंगावरचं हिम झटकायला मान हलवली. तर डावा कान उंबऱ्यावर पडला. कपबशी फुटावी तसा आवाज झाला.

बायजानं कान उचलला, पुसला आणि डब्यात ठेवला. "लागला कधी तर असू दे," ती म्हणाली.

दुसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी तिनं तुळोजीला बगळावैद्यांकडे नेलं. वैद्यांनी चोचीनं उजवा कान ठोकून पाहिला.

"हा कान यंदा टिकायचा नाही," ते म्हणाले.

"लेप द्याल का काही?" बायजानं विचारलं.

"लेप कसला? कोट घ्या. पार्का म्हणतात त्याला. टोपी कोटालाच शिवलेली हवी, म्हणजे वाटेत पडायची नाही. लांबी कमरेखाली चांगली वीतभर. बाहेरचं कापड वारा अडवणारं. आतला भराव फुगीर, पण एका ठिकाणी गोळा न होणारा. मनगटाशी पट्टी घट्ट. आणि एक लक्षात ठेवा, ऊब कोट देत नाही. ऊब आपलीच असते. कोट ती फक्त बाहेर जाऊ देत नाही."

"म्हणजे ऊबही आपलीच, आणि वर सरकीही आपणच मोजायची?" बायजा म्हणाली.

त्या जंगलात सगळी देवघेव सरकीवर चाले. तुळोजीच्या घरात तीन पोती सरकी होती. त्यातलं एक होळीपर्यंत खायला हवं. उरली दोन. त्यावर एक दाणा नाही.

"मला एका कानाचा नवरा चालतो," घरी येताना बायजा म्हणाली. "पण अहो, दुसराही गेला तर मी खडकावर उभी राहून कुणासाठी रेकू?"

तुळोजीनं उजवा कान जरा तिच्याकडे वळवला.

दोघं आधी वेशीवरच्या मोठ्या दुकानात गेली. दुकान पांढऱ्या अस्वलाचं होतं. अस्वल परदेशाहून आलेलं, त्याला इकडे उकडत असे. ते पंख्याखाली बर्फाच्या लादीवर बसून ताक पीत होतं. विकायचं काम कोल्हा करी.

"उणे पन्नासचा कोट आहे हा," कोल्हा म्हणाला. "हात लावून बघा. नको, लांबूनच बघा."

"केवढ्याला?" बायजानं विचारलं.

"चाळीस पोती."

"चाळीस पोत्यांत तर आम्ही सरकी अंगावर पसरून झोपू. आणि हे छातीवर काय आहे?"

"तो बिल्ला. त्याचीच साडेसदतीस पोती आहेत."

"मग बिल्ला उसवून द्या ना. कोट अडीच पोत्यांना पडेल. अर्ध्या पोत्याचं मी बघते काहीतरी."

कोल्ह्याला घाम फुटला. तो आत जाऊन अस्वलाला विचारून आला. "बिल्ल्याशिवाय कोट विकत नाही म्हणाले. कोटाशिवाय बिल्ला मिळेल."

तुम्ही हसताय. पण त्याच वेळी शेजारी एक मोर नुसता बिल्ला विकत घेऊन उघड्या छातीवर टाचून घेत होता, आणि दुखत असूनही हसत होता.

मग ती दोघं आठवड्याच्या बाजारात गेली. तिथं तरसानं सतरंजीवर कपड्यांचा ढीग घातला होता. ढिगाच्या तळाशी एक पार्का होता. चटणीच्या रंगाचा, गेल्या सालचा. भालूअण्णा अस्वलानं तो मागवला होता, पण कोट येईपर्यंत अण्णांना हिवाळ्याची झोप लागली आणि तरसाकडे तो पडून राहिला. आतल्या खिशाची शिवण थोडी उसवली होती. बाकी कोट धडधाकट.

बायजानं कोटाची परीक्षा सुरू केली. कापड दोन खुरांत धरून चुरगाळलं, सोडलं, सुरकुती पडते का पाहिलं. उजेडाकडे धरून वीण पाहिली. कोपरा जिभेनं ओला करून घासला, रंग जातो का पाहिलं. आतून एक धागा ओढून शेजारच्या भजीवाल्याच्या चुलीत जाळला आणि राखेचा वास घेतला. मग बाहीत तोंड घालून जोरात फुंकलं. फुंकर पलीकडे आली नाही.

"आत काय आहे?" तिनं विचारलं.

"पिसं," तरस म्हणाला. "बदकाची, अस्सल."

तेवढ्यात बाजारातलं एक बदक पुढं आलं. त्यानं कोटाच्या पाठीला चोच लावून हळूच हाक मारली, "काका?" थोडा वेळ वाट पाहिली आणि निघून गेलं.

"केवढ्याला?" बायजा म्हणाली.

"सहा पोती."

"एक."

तरस हसला. तरसाचं असं असतं, तो कशालाही हसतो. त्यामुळे त्याला भाव परवडला की नाही ते समोरच्याला कळत नाही. खरं तर त्यालाही कळत नाही.

बायजानं तुळोजीला शेपटीनं खूण केली आणि ती चालू लागली. एक, दोन, तीन पावलं. हे पाऊल कसं टाकायचं ते तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. फार भरभर नाही, नाहीतर गिऱ्हाईक खरंच गेलं असं वाटतं. फार हळू नाही, नाहीतर जायचं नाही हे कळतं.

सातव्या पावलाला हाक आली. "वहिनी, अहो वहिनी! चार द्या!"

बायजा थांबली नाही.

"तीन!"

नववं पाऊल.

"बरं, दोन! आणि आता मागं वळला नाहीत तर मी रडेन हां!" असं म्हणून तरस खो खो हसला.

"वर एक पिशवी द्या," बायजा म्हणाली. "कापडी. नाड्यांची."

सौदा झाला. मग तुळोजीनं कोट घालून पाहिला. पुढचे पाय बाह्यांत गेले. चेन वर आली. टोपी डोक्यावर ओढली तसा उजवा कान आत गेला आणि बाजाराचा गलका एकदम लांब गेला.

तुळोजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बायजा," तो म्हणाला, "मला पाठ आहे गं."

आजवर पाठ म्हणजे थंडी वाजायची जागा, एवढंच त्याला ठाऊक होतं.

बायजानं त्याच्याकडे पाहिलं आणि तिलाही भरून आलं. दोन पोती गेली त्याचं तिला त्या क्षणी काही वाटलं नाही. असा क्षण त्या जंगलात दहा वर्षांतून एकदा येई, आणि आला की लगेच घडी करून ठेवावा लागे.

"जरा मोठा होतोय का?" तुळोजीनं विचारलं.

"असू दे. वाढत्या अंगाचा बरा."

"अगं, मी अर्धा म्हातारा झालो. माझं अंग आता काय वाढायचंय?"

"अंग नाही वाढलं तरी कोट आटेल की!"

यावर तुळोजीकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडेही नाही, उगाच तोंड उघडू नका.

"घालूनच जाऊ का घरी?" त्यानं भीत भीत विचारलं.

"रस्त्यानं? नवा कोट? लोक म्हणतील, काय उतावळा माणूस! काढा. पिशवीत घाला."

घरी आल्यावर कोट दोरीवर टांगला. बायजानं त्याला हळदकुंकू लावायला बोट पुढं केलं आणि डाग पडेल म्हणून दोरीला लावलं. सगळं जंगल कोट बघायला आलं. हत्तीणवहिनी आल्या, बगळावैद्य एका पायावर आले. बाबल्या उंदीरही आला, पण त्याला कुणी बसा म्हटलं नाही.

"छान आहे," हत्तीणवहिनी म्हणाल्या. "पण घडी कोण मोडणार?"

सगळ्यांनी बायजाकडे पाहिलं.

बाळांनो, ही रीत तुम्हाला माहीत असेल. नवं वस्त्र आपण आधी अंगाला लावायचं नाही. घरातल्या एखाद्या मानाच्या बाईनं ते पहिल्यांदा घालून त्याची घडी मोडायची. मग आपण. यानं वस्त्र टिकतं आणि नात्यातली माणसंही टिकतात, असा समज आहे.

"बाजारात घातला होता की," तुळोजी हळूच म्हणाला.

"ते माप बघणं," बायजा म्हणाली. "ते धरत नाहीत. घडीचा मान वन्संचा. दुसऱ्या कुणाला दिला तर जन्मभर ऐकून घ्यावं लागेल."

वन्सं म्हणजे तुळोजीची थोरली बहीण, ठमाक्का. ती दिलेली होती मिठाच्या डोंगरापाशी. खिंडीच्या पलीकडे.

"मग सोपं आहे," हत्तीणवहिनी म्हणाल्या. "परवा तुळोजी मीठ आणायला जाणारच आहेत. कोट घेऊन जाऊ देत. ठमाक्का घडी मोडतील. येताना घालून येतील."

"आणि जाताना?" तुळोजीनं विचारलं.

"जाताना जुनं पोतं आहे ना!"

सगळ्यांना ते पटलं. बगळावैद्यांनाही पटलं. "एका खेपेनं काय होतंय?" ते म्हणाले. तुम्हालाही पटलं ना? मला वाटलंच होतं. एकटा बाबल्या उंदीर म्हणाला, "अहो, पण कान त्यांचा आहे आणि खिंड परवाच आहे." त्याला हाकलून दिलं.

हाकललेला बाबल्या मागच्या दारानं आला. थंडी मी म्हणत होती. तो दोरीवर चढला आणि उसवलेल्या शिवणीतून कोटाच्या आतल्या खिशात शिरला. आणि काय सांगू, त्याला क्षणभर वाटलं आपण मेलो आणि स्वर्गात आलो. मग त्याला घाम आला. स्वर्गात घाम येत नाही, तेव्हा आपण जिवंत आहोत हे त्याला कळलं. त्यानं अंगरखा काढला आणि नुसत्या बनियनवर झोपी गेला.

दोन दिवसांनी तुळोजी निघाला. अंगावर जुनं पोतं. पाठीवर पिशवी, पिशवीत कोट, कोटात बाबल्या घोरत असलेला.

खिंडीत वारा असा होता की पोत्याच्या एका भोकातून शिरून दुसऱ्यातून निघताना तो शीळ घालत होता. उजवा कान आधी दुखला. मग दुखायचा थांबला. हे वाईट लक्षण आहे, हे तुळोजीला गेल्या वर्षीपासून माहीत होतं.

पण तो पोहोचला. ठमाक्काला काय आनंद झाला! "माझा मान ठेवलास रे तुळ्या!" म्हणत तिनं कोट घातला आणि शेजारच्या चार घरी मिरवून आली. बाबल्यालाही चार घरी चहाचा वास आला. घडी मोडली. मग ठमाक्कानं कोट काढला आणि पुन्हा चापूनचोपून घडी घातली.

"आक्का, येताना घालून ये म्हणालीय बायजा," तुळोजी म्हणाला.

"घाल की बाबा. कोट तुझाच आहे." ठमाक्का थांबली. "पण मिठाच्या गोण्या पाठीवर घेणार ना तू? मीठ कापड खातं रे. शिवाय गोण्यांच्या काथ्यानं पाठ पार घासून जाईल. दोन पोत्यांचा कोट, आणि एका खेपेत त्याचा पंचा करून ठेवशील?"

तुळोजीनं मान खाली घातली.

"असं कर," ती मायेनं म्हणाली. "कोट गोण्यांच्या वर बांध. खिंड उतरलास की घाल, घरात शिरता शिरता. बायजाला बरं वाटेल."

तिनं पिशवीच्या नाडीला अशी गाठ मारली की देवालाही सुटू नये. तिचं भावावर प्रेम होतं, बाळांनो. त्याबद्दल शंका घेऊ नका. या गोष्टीत वाईट असं कुणीच नाही.

खिंडीच्या मध्यावर तुळोजी थांबला. त्याला आता पुढचे पाय जाणवत नव्हते. कान डोक्यावर एखाद्या पाटीसारखा उभा होता. त्यानं गोण्या उतरवल्या. पिशवी खाली घेतली. गाठ दातांनी ओढली, ओढली, आणि एवढी ओढली की ती सुटली.

चटणीच्या रंगाचा कोट हिमात उघडला. आतून उबेचा एक लोट त्याच्या तोंडावर आला. ती बाबल्याची ऊब होती, पण तुळोजीला वाटलं कोटाची.

त्यानं उजवा पाय बाहीकडे नेला. मग पायाकडे पाहिलं. खुराला चिखल होता.

त्यानं खूर हिमात पुसला. हिमाखालचा चिखल खुराला लागला. दुसऱ्या खुरानं पहिला पुसला. आता दोन्ही भरले.

असा घातला तर बाही आतून मळेल, तो मनाशी म्हणाला. मग धुवावा लागेल. धुतला की आटेल.

"अहो, घाला की!" कोटातून बाबल्या ओरडला. "मेलात तर काय धुणार?"

तुळोजीला वाटलं वारा बोलतोय. वारा असं काहीबाही बोलतच असतो. त्यानं कोटाची घडी घातली, ठमाक्कानं घातली होती अगदी तशीच, आणि पिशवी पुन्हा बांधली.

गोण्या पाठीवर घेताना त्यानं मान हलवली. डाव्या कानाच्या वेळी कपबशी फुटल्यासारखा आवाज झाला होता. या वेळीही झाला असेल. तुळोजीला ऐकू आला नाही.

बाहेरचा कान नुसता कर्णा असतो, तो गेला म्हणून कुणी ठार बहिरं होत नाही, असं विज्ञान सांगतं. बरोबर आहे. पण बोधकथेत विज्ञानाला मागच्या बाकावर बसवतात.

इकडे बायजा खडकावर उभी होती. सकाळपासून रेकत होती. ठरलेली वेळ टळली. दुपार झाली. तिच्या रेकण्यानं आजूबाजूच्या झाडांवरचं हिम पडलं, दोन माकडं वेळेआधी सुटली, पण तुळोजी आला नाही.

तो तिच्यापासून शंभर पावलांवर होता. गोल गोल फिरत होता. आवाज येईल तिकडे जायचं, एवढंच त्याला माहीत होतं, आणि आवाज येत नव्हता.

शेवटी बायजा खडकावरून उतरली आणि उघड्या अंगानं धुक्यात शिरली. नाक जमिनीला लावून, मिठाच्या वासावर, ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन, होता नव्हता तेवढा जीव एकवटून रेकली.

तुळोजी हसला. "आलीस होय!" तो म्हणाला. "आज रेकली नाहीस ते?"

बायजानं त्याच्या डोक्याकडे पाहिलं. मग पिशवीकडे. मग पुन्हा डोक्याकडे. तिला रडू कोसळलं. आसवं गालावरून घरंगळून टपटप गारांसारखी खाली पडली.

"आग लागो त्या कोटाला!" ती ओरडली. "आणि आग लागो माझ्या तोंडाला! मीच म्हणाले, घडी वन्संची! घाला तो आत्ता, घाला आधी!"

त्या जंगलात नव्या वस्तूला असं कुणी कधी बोललं नव्हतं.

"हो ना," तुळोजी म्हणाला. "रंग छानच आहे."

तिनं पिशवीची नाडी दातांत धरली. तुळोजीनं हळूच ती सोडवून घेतली. "अगं, घर आलंच की आता," तो म्हणाला. "बघ, एक डाग पाडला नाही."

घर आलं. जंगल जमलं. कोट उघडून पाहिला, तर खरंच एक डाग नव्हता. हत्तीणवहिनींनी तुळोजीची दृष्ट काढली. राजा सिंह स्वतः आला. दसरा नसतानाही त्यानं दात लावले होते. त्यानं सगळ्यांना सांगितलं की वस्तू कशी वापरावी हे तुळोजीकडून शिका. हरणं मागच्या मागं शिकायला निघून गेली.

बगळावैद्यांनी तुळोजीचं डोकं दोन्ही बाजूंनी तपासलं आणि म्हणाले, "आता कानाची काळजी नाही."

कोटासाठी काचेचं कपाट केलं. कपाटावर पडदा लावला, उन्हानं रंग उडू नये म्हणून. आता दर महिन्याला बायजाही तुळोजीबरोबर खिंडीत जाते. एक पोतं दोघांत पांघरतात. ती पुढं चालते, तो तिची शेपटी तोंडात धरतो. तिचे कान अजून दोन आहेत. काटकसरीनं वापरले तर चार हिवाळे जातील.

आणि बाबल्या? तो कपाटातच राहतो, आतल्या खिशात. भर पौषात बनियनवर असतो. नालायक असला तरी कृतघ्न नाही. एकदा त्याला राहवलं नाही. तो कपाटातून उतरला, कुडकुडत तुळोजीच्या अंगावर चढला, शिंगाला धरून उभा राहिला आणि जिथं पूर्वी उजवा कान होता तिथं तोंड लावून जीव तोडून ओरडला, "तुळोजीराव! कोट फार उबदार आहे हो! एकदा घालून तरी बघा!"

तुळोजीनं मान डोलावली.

"हो, हो," तो म्हणाला. "जपून ठेवलाय."

बाबल्या खाली उतरला आणि पुन्हा खिशात गेला. बाहेर फार थंडी होती.

तात्पर्य : कोट घेताना टोपी, लांबी, भराव आणि शिवण नीट पाहावी, घासाघीस करावी आणि ऐपतीबाहेर जाऊ नये. एवढं केलं की कोट उत्तम मिळतो. तो उत्तमच राहावा असं वाटत असेल, तर थंडीत घालू नये. शरीर काय, वापरलं तरी झिजतं आणि ठेवलं तरी झिजतं. कोटाचं तसं नाही.

आता उठा, बाळांनो. गोष्ट नवी आहे, नीट घडी घालून ठेवा. पाहुणे आले की काढा.